गुरुवारची सफाई आणि आजोबांचं पान

तुमची आजी नीटनेटकी आहे, हे तुम्ही दोघं लहानपणापासून ऐकत आलात. बहुतेक वेळा माझ्याच तोंडून. त्या नीटनेटकेपणाने गेल्या हिवाळ्यात काय प्रताप केला ते आता लिहून ठेवते. थोरलीला यातलं अर्धं माहीत आहे. उरलेलं अर्धं ती स्वतःच्या अंदाजाने भरून धाकट्याला सांगेल, आणि तिचे अंदाज माझ्या बाबतीत कधीच दयाळू नसतात. म्हणून हे माझ्याकडून.

आमच्या चिखलीच्या घरातले डबे तुम्हाला आठवत असतील. सगळ्यांवर चिठ्ठ्या आहेत आणि ते इंग्रजी अक्षरक्रमाने लावलेले आहेत. निवृत्त होईपर्यंत ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवलेल्या बाईला याहून सोयीचा क्रम सुचला नाही. आजोबा पाहुण्यांना सांगतात, "आमच्या घरी भूक लागली का आधी डिक्शनरी उघडा लागते. तूर टीमंधी, अन् तिखटबी टीमंधी. एक दिवस हिनं वरणात..." इथे मी त्यांना थांबवते, कारण ती हकिकत खरी आहे.

असं एकमेकांना थांबवणं ही आमची जुनी सवय. मी काही सांगायला लागले की ते मध्ये बोलतात, ते सांगायला लागले की मी साल दुरुस्त करते. थोरली मागच्या वेळी आली होती तेव्हा वैतागून म्हणाली, "तुम्हा दोघांकडून एक गोष्ट शेवटपर्यंत ऐकायला मिळत नाही. लिहा. वेगवेगळं लिहा. कुणी कुणाच्या मध्ये येणार नाही अशी सोय मी करून देते."

ती सोय म्हणजे तिच्या ऑफिसात प्रोग्राम लिहिणारी माणसं वापरतात तीच. लिहून झालं की 'कमिट' करायचं. म्हणजे त्या क्षणी मजकूर जसा आहे तसा पक्का नोंदवायचा, सोबत आपल्या शब्दांत एका ओळीची टीप. मग पुढे कितीही खाडाखोड करा, जुनं रूप तिथेच राहतं. कमिटावर कमिट चढत जातं, विटेवर वीट ठेवावी तसं. या विटांमध्ये आपण कुठवर आलो ते कळावं म्हणून 'बुकमार्क' लावायचा. आम्हाला तिने दोन लावून दिले, एक 'आजी' आणि एक 'आजोबा'. पुस्तकात घातलेल्या मोरपिसासारखे ते एका जागी पडून राहत नाहीत. आपण लिहीत पुढे गेलो की ते आपल्याबरोबर पुढच्या कमिटावर येतात, आणि कमिट मागे घेतलं की निमूटपणे खालच्या विटेवर जाऊन बसतात. हो, कमिट मागेही घेता येतं.

"पण ते जपून, आजी," ती म्हणाली. "आधी वेगळ्या फोल्डरमध्ये करून बघायचं."

"परीक्षाप्रमुख होते मी," मी म्हटलं. "मला चाचणी शिकवू नकोस."

दर रविवारी ऑस्ट्रेलियाहून तुमचा फोन येतो; आमचं दोघांचं एकेक पान पूर्ण झालं की पुढच्या रविवारी सगळं लिखाण तिच्याकडे पाठवायचं असं ठरलं. तोवर ते फक्त आमच्या लॅपटॉपवर.

मी पहिल्यांदा लिहायला घेतला तो लग्नानंतर सुलतानपूरला गेले तो दिवस. अमरावतीच्या इंग्रजी शाळेत शिकलेली, हातात कादंबरी घेऊन एसटीतून उतरलेली नवी सून, आणि सासरच्या अंगणात सुटलेली म्हैस. पहिल्या कमिटात म्हैस माझ्या मागे लागली, मी किंचाळत बैलगाडीवर चढले आणि खाली पडलेल्या कादंबरीची पहिली काही पानं म्हशीने खाल्ली. हे सगळं खरं होतं. दुसऱ्या दिवशी वाचलं तेव्हा मात्र नातवंडांनी हे वाचावं असं वाटेना. दुसऱ्या कमिटात म्हैस माझ्या दिशेने चालत आली आणि मी बैलगाडीत जाऊन बसले. तिसऱ्यात ती लांबून नुसती बघत होती. शेवटी 'अंगणात म्हशी बांधलेल्या होत्या' एवढं एकच वाक्य उरलं. ते मला फार संयत वाटलं.

गोची अशी की त्या व्यवस्थेला संयम कळत नाही. तिच्या इतिहासात म्हैस पायरीपायरीने लहान होत गेलेली स्पष्ट दिसत होती, आणि प्रत्येक पायरीवर माझ्याच हातची टीप. 'किंचाळणे काढले.' 'कादंबरी वाचवली.' 'म्हैस बांधली.'

आता आजोबांकडे येते, कारण खरी गोष्ट त्यांची आहे.

त्यांचं आयुष्य खामगावला कापसाची प्रतवारी करण्यात गेलं. कापसाचा पुंजका दोन्ही चिमटीत धरून ओढायचा आणि धाग्याची लांबी सांगायची. लिहिण्याशी संबंध पावतीपुरता. त्यांनी अगदी सुरुवातीला, माझ्या म्हशीच्याही आधी, दोन ओळी लिहिल्या, 'मी सुलतानपूरचा. खामगावले ग्रेडर होतो.' तेवढं कमिट केलं आणि म्हणाले, "झालं माह्यं. बाकीचं हिचं चालू द्या."

मग एका रविवारी थोरलीने त्यांना फोनवर विचारलं, "आजोबा, तुम्हाला एक मोठा भाऊ होता ना? त्याच्याबद्दल लिहा की."

तुम्हाला माहीत आहे, आपल्या घरात त्या भावाचा फोटो नाही. तो लहान वयात तापाने गेला. माझ्या सासूबाईंना त्याचं नाव सहन होत नसे, म्हणून घरात ते कुणी घेत नसे. पुढे सासूबाई गेल्या, थोरली माणसं एकेक करून गेली, पण न घ्यायची सवय तशीच राहिली. माझ्या सगळ्या संसारात मी त्या मुलाबद्दल एकदोनदाच ऐकलं असेल, तेही अर्धवट. त्याला पाहिलेलं माणूस आता जगात एकच उरलं होतं, आणि ते एका बोटाने टाइप करतं.

हरभऱ्याला घाटे धरले होते तेव्हा आजोबा लिहायला बसले, आणि बाजारात नवा हरभरा आला तरी लिहीतच होते. रोज दुपारी, जेवण झाल्यावर, खिडकीपाशी. मी जवळून गेले की पंजा पसरून स्क्रीन झाकायचे.

"मी काय खाणार आहे का ते?" मी एकदा विचारलं.

"खानार नाही, दुरुस्त करशीन. आधी पोरगी वाचीन, मंग तू."

"फक्त शुद्धलेखन बघते. एक मात्रा इकडची तिकडे करणार नाही."

"त्याले काऊन दुरुस्त कराचं व?" ते म्हणाले. "तो होता तसा होता."

एका बुधवारी त्यांचं पान पूर्ण झालं. त्यांनी स्वतःच कमिट केलं, टीप काय लिहिली ते मला दाखवलं नाही. लॅपटॉप मिटला आणि म्हणाले, "हे पुन्यांदा नाही होनार माह्याच्यानं. एक डाव झालं, बस." मग दिवाणावर आडवे झाले. त्या दिवशी त्यांनी पेपरही उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी गुरुवार होता. गुरुवार हा माझा कपाटं आवरण्याचा वार.

आमच्या शाळेत एक रफ वही असे आणि एक फेअर वही. निबंध फेअर वहीत उतरला की रफची पानं बाईंसमोर फाडून टोपलीत टाकायची. मला त्याचा फार आनंद व्हायचा. पुढे मी शिकवायला लागले तेव्हा माझ्या मुलांकडूनही तेच करून घेतलं. फेअर झालं की रफचा मागमूस राहता कामा नये. त्या गुरुवारी कपाटातल्या साड्या आवरून झाल्या आणि मला म्हशीची आठवण झाली. रविवारी ती सगळी रफ कमिटं ऑस्ट्रेलियाला पोहोचणार. मी ठरवलं, ती मागे घ्यायची आणि त्यांच्या जागी एकच स्वच्छ कमिट करायचं.

थोरलीचा शब्द मी पाळला, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवा. आधी 'चाचणी' नावाचं वेगळं फोल्डर केलं. कागदावर प्रश्नपत्रिका काढली. प्रश्न पहिला: बुकमार्क लावा. प्रश्न दुसरा: नवीन वाक्य लिहून कमिट करा, बुकमार्क पुढे सरकतो का? प्रश्न तिसरा: कमिट मागे घ्या, बुकमार्क जागेवर आहे का? 'राम आंबा खातो' लिहिलं, कमिट केलं. 'सीता पेरू खाते' लिहिलं, कमिट केलं. सीता मागे घेतली. बुकमार्क मुकाट्याने रामाशी जाऊन बसला. तिन्ही प्रश्न बरोबर. मी लाल पेनाने दहापैकी दहा दिले आणि खाली 'उत्तम' लिहिलं.

मीच पेपर काढला, मीच सोडवला, मीच तपासला. अशा परीक्षेत आजवर कुणी नापास झालेलं नाही.

मग खऱ्या फोल्डरमध्ये गेले आणि रफ कमिटं काढायची आज्ञा दिली, अगदी पहिल्या म्हशीपासून. क्षणात झालं. बुकमार्कांची यादी बघितली: आजी, हजर. आजोबा, हजर. माझं स्वच्छ वाक्य घालून एक कमिट केलं, टीप लिहिली 'सुलतानपूरचा पहिला दिवस', लॅपटॉप मिटला आणि चहा टाकला. चहा इतका छान झाला होता की मी अर्धा कप जास्तीचा घेतला.

शुक्रवारी सकाळी आपला स्वच्छ इतिहास एकदा डोळे भरून पाहावा म्हणून लॅपटॉप उघडला. मला वाटतं माणसाने आपल्या कामाकडे दुसऱ्या दिवशी कौतुकाने पाहू नये. 'आजोबा' हा बुकमार्क होता, पण ज्या कमिटावर होता त्याच्यात दोनच ओळी होत्या. मी सुलतानपूरचा. खामगावले ग्रेडर होतो.

त्याच्या वर माझं एक स्वच्छ कमिट, बाकी काहीच नव्हतं.

कॉलेजात हजेरी घेताना मान खाली घालून नुसतं 'प्रेझेंट' ऐकायचं, आणि आवाज कुणाचा ते बघायचं नाही, अशा शिक्षकांवर मी जन्मभर टीका केली. मी स्वतः बुकमार्कांची हजेरी तशीच घेतली होती. नाव होतं, पण ते कुठे उभं आहे ते पाहिलंच नव्हतं. आणि चाचणीत दुसऱ्या कुणाची वीट माझ्या विटेवर ठेवून बघायचं मला सुचलंही नव्हतं. माझ्या म्हशींवर आजोबांचं पान उभं होतं. खालची वीट काढली की वरची आपोआप निघते. मी म्हशींमधली सगळ्यात खालची काढली होती.

आता कुणीही शहाणं माणूस थांबलं असतं. मी म्हटलं, काढलेलं परत आणायला एक पाऊल मागे जावं, आणि शेवटचं पाऊल मागे घेतलं. शेवटचं पाऊल माझं स्वच्छ कमिट होतं. तेही गेलं. आता आमच्या दोघांच्या संसारात एकूण दोन ओळी शिल्लक होत्या आणि दोन्ही त्यांच्या होत्या.

तेवढ्यात आजोबा खुर्ची ओढत आले. "सरक व जरा. मले एक पाहाचं आहे त्याच्यात."

"अपडेट चालू आहे," मी म्हटलं आणि झाकण लावलं.

ते शेजारीच बसून राहिले. दाढी खाजवली, खिडकीबाहेर बघितलं. थोड्या वेळाने म्हणाले, "आपल्या गावचा ट्रॅक्टरबी एवढा वेळ नाही घेत व सुरू व्हाले."

"मोठं अपडेट आहे."

दुपारी पुन्हा आले, पुन्हा अपडेट. संध्याकाळी नुसती मान बाहेर काढून विचारलं, "झालं?" मी नाही म्हणून मान हलवली. मी खोटं बोलत नाही असा माझा लौकिक आहे, त्यामुळे ते बिचारे विश्वास ठेवत होते. लौकिकाचा इतका वाईट उपयोग मी पहिल्यांदाच केला.

शनिवारी सकाळी शेजारच्या आपा कढीपत्ता न्यायला आल्या. त्या उर्दू शाळेत गणित शिकवायच्या. आम्ही एकाच वर्षी निवृत्त झालो. कढीपत्ता तोडता तोडता माझ्याकडे बघून म्हणाल्या, "म्याडम, तोंड काऊन असं झालं? पेपर फुटला काय?"

मी हळू आवाजात सगळं सांगितलं. म्हशी, विटा, पान, अपडेट. त्यांना कॉम्प्युटरमधलं फारसं कळत नाही, पण माझ्यातलं सगळं कळतं.

"मग आता काय करून राह्यल्या तुम्ही?"

"दोनतीन उपाय डोक्यात आहेत. एक करून बघणार होते."

"या अल्ला!" त्यांनी कढीपत्त्याची फांदी माझ्या हातावर मारली. "हात लावणं बंद करा आधी. पोरीले फोन करा."

"तिला काय सांगू? परीक्षाप्रमुख नापास झाली म्हणून?"

"मग मियाँला सांगा, का तुमचा भाऊ मी दुसऱ्यांदा घालवला. ते सोपं वाटते का?"

बोलून गेल्या आणि त्यांनाच वाईट वाटलं. "असं नव्हतं म्हणायचं मले," म्हणाल्या. पण म्हणायचं तेच होतं, आणि बरोबर होतं. त्या गेल्यावर मी फोन हातात घेतला. हे पुढचं, थोरले, तुला आठवत असेलच, धाकट्यासाठी लिहिते.

"अगं, माझ्या एका मैत्रिणीची अडचण होती," मी म्हटलं.

"कोणती मैत्रीण?"

"तू नाही ओळखत. खामगावची."

"खामगावच्या मैत्रिणीकडे हीच सिस्टीम आहे?"

"हल्ली असते सगळ्यांकडे."

थोरली म्हणाली, "बरं. काय केलं तुझ्या मैत्रिणीने?"

मी सांगितलं. मैत्रीण जरा जास्तच नीटनेटकी आहे, असंही सांगितलं. ही म्हणाली, "तिला सांग, रडू नकोस. मधली कमिटं काढली तरी ही सिस्टीम ती फेकून देत नाही. गाठोडं बांधून एका फोल्डरमध्ये ठेवते. ते गाठोडं सोडायचं, सगळं परत येतं. मी पायऱ्या लिहून पाठवते."

"सगळं? तिला फक्त एक हवंय. सगळ्यात वरचं."

"वरचं खालच्यावरच उभं आहे ना, आजी. गाठोडं सुटलं की सगळं सुटणार. का गं? खालच्यात लाजण्यासारखं काही आहे का?"

"माझ्यात... तिच्यात... नाही, तसं काही नाही. एक म्हैस आहे."

"म्हैस."

"लहानशीच."

तू त्यावर हसली नाहीस. नंतर धाकट्याने सांगितलं की तू फोनवर हात ठेवून हसत होतीस.

आजोबा बाजारात दाढी करायला गेले होते तेवढ्यात मी लॅपटॉप उघडला. चष्मा पुसला. पाठवलेल्या पायऱ्या एकेक वाचल्या आणि जे लिहिलं होतं तेवढंच केलं, स्वतःची अक्कल एक चमचाही घातली नाही. गाठोडं सुटलं. कमिटं एकावर एक परत येऊन उभी राहिली. 'किंचाळणे काढले' आलं. 'कादंबरी वाचवली' आलं. 'म्हैस बांधली' आलं. आणि सगळ्यांच्या वर एक टीप, नुसता एक शब्द: 'भाऊ'.

'आजोबा' हा बुकमार्क मी उचलून परत त्याच्यावर ठेवला. मग खुर्चीत मागे टेकले, आणि तेव्हा लक्षात आलं की चाचणी राहिली आहे.

टीप परत आली म्हणजे पान परत आलं असं कशावरून? गुरुवारी 'आजोबा' हे नावही हजरच होतं. पान उघडून शेवटपर्यंत वाचल्याशिवाय खात्री होणार नव्हती, आणि ते वाचायला मला मनाई होती. मी एक युक्ती केली, सांगताना लाज वाटते. चष्मा काढून पान उघडलं. अक्षरं दिसत नव्हती, मुंग्यांच्या रांगा दिसत होत्या. बऱ्याच होत्या. पण पुरेशा होत्या की मधल्या काही गळल्या होत्या, हे मूळ मुंग्या न पाहिलेल्या बाईला कसं कळणार? मी पान बंद करून चष्मा घातला. त्या पानाची परीक्षा घेऊ शकेल असं माणूस एकच होतं, आणि ते दाढी करून साबणाचा वास घेऊन दारातून आत येत होतं.

"अहो, तुमचं पान गेलं होतं," मी म्हटलं.

"कुठी?"

"मी काढून टाकलं होतं. चुकून. माझी म्हैस काढायला गेले, तर वरचं तुमचंही निघालं."

त्यांना म्हैस कळली नाही, पण ती त्यांनी सोडून दिली. पिशवी खाली ठेवली. "आता?"

"आता आलंय. आलं असावं. मी वाचलं नाही."

"काऊन नाही वाचलं?"

"तुम्ही नको म्हणाला होतात."

ते माझ्याकडे बघत राहिले. माल पाहताना ते तसं बघायचे, ओला आहे का कोरडा. "अन् ते अपडेट?"

"अपडेट नव्हतं."

"म्हन्जे काल मी दिवसभर त्या मिटलेल्या डब्ब्यापाशी राखण बसलो होतो?"

"हो."

रागावले नाहीत. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. शांतपणे म्हणाले, "परीक्षेत पोट्टं खोटं बोलताना सापडलं का तू काय करत होती व?"

"वर्गाबाहेर काढत होते."

"मंग?"

मी उठले आणि अंगणात जाऊन उभी राहिले.

तुम्हाला वाटेल आजी वाढवून सांगते. खरंच उभी होते, तुळशीच्या शेजारी, उन्हात, आणि आतून काही ऐकू येतं का ते बघत होते. ते वाचताना ओठ हलवतात पण आवाज करत नाहीत. कुंपणापलीकडून आपांनी विचारलं, "काय झालं? सापडलं?"

"आत तपासणी चालू आहे," मी म्हटलं. "मला बाहेर काढलंय."

"बरं केलं," आपा म्हणाल्या आणि कपडे वाळत घालायला लागल्या. चार कपडे वाळत घालायला त्यांना एवढा वेळ कधी लागत नाही. त्याही थांबल्या होत्या.

किती वेळ गेला सांगता येत नाही. एवढं खरं की माझ्या मनात त्या वेळात ते पान तीनचार वेळा निम्मं होऊन आलं. शेवट नाही, मधलं नाही, नुसता पहिला शब्द आहे. अखेर आतून हाक आली.

"अवं! एक ओळ नाही याच्यात."

मी धावत आत गेले. त्यांनी लगेच पंजा स्क्रीनवर पसरला.

"कोणती ओळ? कुठली? सुरुवातीची की शेवटची?"

"कसं सांगू? सांगितली तं तू वाचल्यासारखंच झालं."

"निदान कशाबद्दल आहे ते सांगा. मला परत शोधावी लागेल. दुसरं गाठोडं असेल एखादं."

"थांब, थांब." ते पंज्याच्या आडून पानाकडे बघत होते. बोटाने हवेतल्या हवेत ओळी मोजत खाली आले, पुन्हा वर गेले. मग त्यांचा चेहरा बदलला. ओशाळला म्हणावं असा. असा मी फार क्वचित पाहिला आहे.

"लेहलीच नव्हती वाटते," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"मनात होती. रोज लेहाले बसलो का पह्यले तेच मनात ये. म्हून मले वाटलं लेहली." मग म्हणाले, "बाकी सारं आहे. एक अक्षरबी गेलं नाही."

मी खुर्चीचा हात धरून खाली बसले. रडू आलं होतं, पण मी आत्ताच वर्गात परत आले होते, म्हणून आवरलं.

"मग लिहा आता," मी म्हटलं.

"आता?"

"नाहीतर उद्या फोन येईल आणि पान त्या ओळीशिवाय जाईल. माझ्या सगळ्या म्हशींसकट."

"कोन्त्या म्हशी व?" त्यांनी शेवटी विचारलंच. मी म्हटलं, उद्या पोरांबरोबर ऐका, एकदाच काय ते हसा.

ते लिहायला लागले. डावा पंजा स्क्रीनवर, उजव्या हाताचं एक बोट कीबोर्डवर फिरत होतं, घारीसारखं, बराच वेळ घिरट्या आणि मग एकदम खाली. मी तोंड भिंतीकडे केलं. टकटक ऐकू येत होती. मध्येच थांबली.

"झ कुठी असते व?"

"ज च्याच बटणावर. शिफ्ट दाबून धरायचा."

"हात कुठी आहे मले? एक अठी गुतला."

पंजा काढून त्यांनी शिफ्ट दाबला असता तर पान उघडं पडलं असतं. ते त्यांना चालणार नव्हतं, आणि भिंतीकडे तोंड करून माझा हात तिथवर पोचत नव्हता. म्हणून मी खुर्ची जवळ ओढली आणि माझ्या बोटाने शिफ्ट दाबून धरला. नजर त्या एका बटणावर.

पण तुम्हाला सांगते, जन्मभर फळ्यावरची अक्षरं पाहिलेल्या बाईला बोट कुठे पडतं ते बाजूनेही दिसतं. झ नंतर ते बोट जिथे गेलं तिथून मला पुढचा शब्द समजणार होता. ती ओळ तुम्ही दोघांनी दुसऱ्या दिवशी वाचलीत, माझ्या आधी, त्यांनी ठरवलं होतं त्याच क्रमाने. त्या वेळी मात्र मी मान वळवून खिडकीतून आपांच्या दोरीवरचे कपडे बघायला लागले.

"सोडू का?" मी थोड्या वेळाने विचारलं.

"धर," ते म्हणाले. "अजून एक झ आहे."